एसओपीतली आजी

ऑक्टोबर उजाडला की पुण्यामुंबईतल्या काही आज्यांची परदेशी रवानगी करण्याची तयारी त्यांच्या नकळत सुरू होते. आजी स्वतः हॉलमध्ये मालिका बघत बसलेली असते आणि आतल्या खोलीत नातीच्या लॅपटॉपवर तिचं इंग्रजी व्यक्तिचित्र आकाराला येत असतं. त्यात ती पहाटे उठते, जात्यावर नाचणी दळते, अंगणातल्या शेवग्याचा पाला तोडते आणि येताजाता अन्नाचं महत्त्व सांगते. खरी आजी दळण गिरणीत पाठवते, अंगणाच्या जागी तिच्याकडे चौथ्या मजल्यावरची बाल्कनी आहे आणि दुपारच्या चहात ती ग्लुकोजची दोन बिस्किटं बुडवते. पण प्रवेश समितीला बिस्किटं कितपत पचतील याची खात्री नसल्यामुळे ती दुसऱ्याच मसुद्यात उडतात.

पोषणशास्त्रात मास्टर्स करायला निघालेल्या मुलामुलींच्या 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'मधली, म्हणजे एसओपीतली, ही आजी. मेकॅनिकलवाल्याला तिची गरज पडत नाही. त्याच्या आजीने कधी पाना हातात धरला होता का, हे कोणी विचारत नाही. पोषणवाल्यांना मात्र 'हाच विषय का?' या प्रश्नाला हृदयाला हात घालणारं उत्तर द्यावं लागतं. आजी नसेल तर मधुमेह झालेले काका असतात, काका ठणठणीत असतील तर स्वतःचं शाळेतलं वजन कामाला येतं. आणि गंमत म्हणजे ही सगळी उत्तरं खरी असतात. खरी असतात म्हणूनच शंभर जणांची तीच असतात, आणि पलीकडे अर्ज वाचत बसलेल्या प्राध्यापकांना भारतात प्रत्येक घरामागे एक नाचणी दळणारी आजी आणि एक गोड बंद झालेले काका सरकारी कोट्यातून मिळतात असं वाटू लागत असेल, तर त्यांचा दोष नाही.

घरात ही बातमी फुटते तेव्हाचे संवाद ठरलेले आहेत. 'न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स? दोन वर्षं शिकवतात तरी काय त्यात?' हे वडील. 'वरण, भात, तूप, लिंबू. झालं तुझं न्यूट्रिशन,' हा आत्याचा निकाल. अर्जदार मुलगा असेल तर चौकशीला आणखी धार येते: 'म्हणजे तू आचारी होणार का रे?' पाच मिनिटं अशी गेली की तीच आत्या खुर्ची जवळ ओढते. 'बरं, ते राहू दे. मला सांग, रात्री भात खाल्लेला चालतो का?' ज्या विषयात शिकण्यासारखं काही नाही, त्याच विषयातला सल्ला मात्र ताबडतोब आणि फुकट हवा असतो. आठवड्याभरात सोसायटीतल्या तिघांचे रक्ताचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात.

रोज पूल ओलांडणारा माणूस स्वतःला स्थापत्य अभियंता म्हणवून घेत नाही, पण रोज जेवणारा माणूस आहारतज्ज्ञ असतोच. त्यामुळे या विषयाचा अर्जदार हा सगळ्या अर्जदारांत जास्त छळला जाणारा प्राणी आहे. त्याला परदेशातल्या समितीला पटवायचं असतं की आपल्याला थोडंफार येतं, आणि घरच्यांना पटवायचं असतं की त्यांना सगळं येत नाही. पहिलं काम तुलनेनं सोपं. दुसऱ्याचं बघा. मे 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा, असंही त्यात आहे. चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाहीत, हे त्याचं कारण. ज्या घरात जेवण झाल्यावर हात वाळायच्या आत आधण चढतं तिथे हे मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या मुलीचं काय होत असेल? 'इराण्याच्या चहाच्या गावात बसून हे लिहवलं तरी कसं त्यांना!' असा अभिप्राय मिळतो आणि चर्चा संपते. संपते म्हणजे, चहा येतो.

पण अर्जदाराचीही पंचाईत आहेच. एसओपीत आजीची नाचणी घातली, आता तिचं पुढे करायचं काय? आकडे आजीच्या बाजूनं आहेत. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचं 1971 चं अन्नघटकांचं पुस्तक ही या विषयाच्या विद्यार्थ्यांची कित्येक पिढ्यांची पोथी. त्यात 100 ग्रॅम नाचणीत 344 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. 2017 मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून 528 खाद्यपदार्थांचे नवे तक्ते निघाले, त्यात हाच आकडा 364 झाला. गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे आजी म्हणत होती त्यात तथ्य निघालं, वर 20 मिलिग्रॅम वाढवूनच मिळाले. इथवर नातीला भरून येतं. मग ती पुढचं पान उलटते आणि कळतं की नाचणीत फायटेट्सही असतात आणि ती या कॅल्शियमचा बराच भाग शोषू देत नाहीत. मोड आणले, आंबवलं, तर हा अडथळा कमी होतो. पोषणशास्त्र हे असं प्रत्येक वाक्यानंतर 'पण' लावणारं शास्त्र आहे. अर्जात आजी हवी असते आणि अभ्यासक्रमात तो 'पण'. अर्ज लिहिताना हे सहसा कोणी सांगत नाही, त्यामुळे आजीच्या बळावर प्रवेश मिळवलेली मुलं पहिल्याच सत्रात जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकासमोर बसून आजीची आठवण काढतात.

खरं तर इशारा अर्जातच असतो, पण तो खाली बारीक टायपात. एसओपीच्या पानावर 'तुमचा प्रवास सांगा' असं मायेनं विचारणारं विद्यापीठ त्या टायपात सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र मागतं, काही ठिकाणी प्रयोगशाळेच्या तासांसकट. होम सायन्सच्या पदवीधरांना यातलं बरंचसं शिकवलेलं असतं. अडचण एवढीच की त्यांच्या गुणपत्रिकेवर त्याच्या शेजारी कापडशास्त्र, बालविकास, कुटुंबसंसाधन व्यवस्थापन आणि विस्तारकार्यसुद्धा असतं, कारण आपल्याकडे या शाखेचे पाच भाग एकाच छपराखाली वाढले. पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या परदेशी संस्थेतल्या माणसाला प्रश्न पडतो, की ही बाई रुग्णाला आहार देणार आहे की पडदे शिवून? 'होम सायन्स म्हणजे नक्की काय?' असा ईमेल येतो. हा प्रश्न अमेरिकेनं विचारावा हे विशेष. होम इकॉनॉमिक्स नावाची शाखा विद्यापीठात रुजवली तीच मुळी तिकडच्या मंडळींनी. कॉर्नेलसारख्या ठिकाणी या नावाचं अख्खं कॉलेज होतं. 1969 मध्ये त्यांनी पाटी बदलून 'ह्युमन इकॉलॉजी' केलं आणि जुनी पाटी आपल्याला ओळखीची नसल्यासारखं वागायला सुरुवात केली. आपण ती अजून पुसूनपासून वापरतो आहोत.

गुणपत्रिकेचा दुसरा घोळ टक्क्यांचा. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात आणि पेढे वाटतात. अमेरिकन शाळेत साठ म्हणजे 'डी'. पलीकडचा माणूस 63 टक्के बघून कळवळतो आणि इकडच्या आईला तो आकडा फ्रेम करून लावायचा असतो. म्हणून शंभराच्या पट्टीवरून चारच्या पट्टीवर गुण उतरवून देणाऱ्या संस्था आहेत, त्यांची फी आहे, आणि त्यांना ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठाकडूनच यावी लागते. इथे कथेत एक खिडकी येते. कोणत्या विद्यापीठाची ते सांगण्याचं कारण नाही, खिडक्या सगळीकडे सारख्याच. खिडकीच्या आतले भाऊसाहेब आधी चलन मागतात, चलनाची खिडकी दुसऱ्या इमारतीत असते, ती दीडला बंद होते, आणि तिथून धावत आल्यावर कळतं की 'मॅडम जेवायला गेल्यात.' संतुलित आहारावर निबंध लिहून आलेली मुलगी त्या पायरीवर वडापाव खाते. तिला त्यातले उष्मांकही तोंडपाठ असतात, उपयोग शून्य.

मग शिफारसपत्रं. नियमानुसार प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला न दाखवता, गोपनीयपणे, मोकळ्या मनानं मत लिहायचं असतं. प्रत्यक्षात मॅडम म्हणतात, 'अगं, तूच ड्राफ्ट करून आण, मी बघते.' मॅडमची चूक नाही. त्यांच्यावर परीक्षा, नॅकची फाईल आणि वर्षभरातले सतरा 'दिवस' साजरे करण्याची जबाबदारी असते. पण त्यामुळे मुलीवर स्वतःचीच स्तुती तीन वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात करण्याची वेळ येते. पहिल्या पत्रात ती 'अत्यंत कष्टाळू' असते, दुसऱ्यात 'उपजत संशोधक', तिसऱ्यापर्यंत शब्द संपलेले असतात म्हणून ती 'वक्तशीर' होते. पत्रं अपलोड करायला कॉलेजचा अधिकृत ईमेल लागतो. तो असतो, पण त्याचा पासवर्ड जुन्या क्लार्ककाकांना ठाऊक होता आणि काका निवृत्त होऊन चिपळूणला गेलेले असतात. एका अमेरिकन विद्यापीठाच्या प्रवेशाची किल्ली काही दिवस चिपळुणात असते.

हे सगळं सहन करणाऱ्यांनी एक अर्ज आठवावा. तो 1933 चा आहे. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला अव्वल आलेल्या कमला भागवत या मुलीनं बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. अर्ज नामंजूर झाला. कारण लपवलेलं नव्हतं: अर्जदार बाई आहे. एसओपी नाही, शिफारसपत्रं नाहीत, गुणांचं रूपांतर नाही, किती सुटसुटीत पद्धत!

कमलाबाई बंगळुरूला जाऊन ठाकल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी रामन यांनी अटी घालून त्यांना घेतलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल, आणि आपल्या असण्यानं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. म्हणजे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित झालं तर जबाबदारी लक्षाची नव्हे, बाईंची. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी तिथे काम केलं ते दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर, म्हणजे आत्याच्या त्याच वरणावर. पुढे केंब्रिजला, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेल्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात, त्यांनी 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. हल्ली काहींची एसओपीच्या मसुद्यांची फाईल याहून जाड असते.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि लग्नानंतर सोहोनी होऊन मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे त्यांनी नीरेचा अभ्यास केला. 'आहार-गाथा' हे मराठी पुस्तक त्यांचंच. त्यांच्या बहिणीला मराठी वाचक जास्त ओळखतो: दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनीही स्वयंपाकावर 'खमंग' लिहिलं. एका घरात एक बहीण अन्नातली प्रथिनं मोजते आहे आणि दुसरी फोडणीबद्दल लिहिते आहे, अशा घरातल्या मुलीला एसओपीत आजी घालावी लागली नसती.

आणि बाईला दारात अडवण्याचा हा प्रकार फक्त आपल्याकडचा समजू नये. होम इकॉनॉमिक्सच्या अमेरिकन संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष एलन स्वॉलो रिचर्ड्स यांना 1870 मध्ये एमआयटीनं 'स्पेशल स्टुडंट' म्हणून घेतलं आणि फी माफ केली. त्यांना वाटलं आपली परिस्थिती बघून माफ केली. नंतर समजलं की फीच घेतली नाही तर 'ही आमची विद्यार्थिनी नाही' असं म्हणायची सोय राहते. आता ती सोय कोणत्याही विद्यापीठाला नको असते. नुसता अर्ज करायचेच शंभर डॉलरच्या आसपास घेतात, आणि अर्जदार आठ ठिकाणी अर्ज करतो.

कुन्नूरचा उल्लेख आला आहे तर तिथल्या उंदरांना सोडून पुढे जाणं बरं नाही. निलगिरीतल्या या गावात पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत 1918 मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीवरचं काम सुरू केलं. तीच खोली वाढत वाढत 1958 मध्ये हैदराबादला गेली आणि 1969 मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचं जेवण पांढऱ्या उंदरांना घालून पाहिलं. शीख जेवणावरचे, म्हणजे अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाज्या खाणारे उंदीर पहिले आले. पठाण दुसरे. मराठी जेवणावरचे तिसरे, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी जेवणावरचे उंदीर त्यांच्या मागे. मराठी माणसाला सर्वभारतीय स्पर्धेत मिळालेल्या या क्रमांकाची इतिहासात म्हणावी तशी नोंद झालेली नाही. निदान एखाद्या एसओपीत तरी ती यायला हवी होती.

त्याच मॅककॅरिसन यांनी गरीब ब्रिटिश माणसाचं जेवणही उंदरांपुढे ठेवलं होतं: पांढरा पाव, मार्गारिन, साखर घातलेला चहा, उकडलेला कोबी, डब्यातलं मांस, जॅम. त्या उंदरांची वाढ खुंटली, ते चिडचिडे झाले, आणि पुढे त्यांनी आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खायला सुरुवात केली. एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी इंग्लंडला निघालेल्या आणि पाच जणांत एक स्वयंपाकघर वाटून घेणाऱ्या मुलांनी हा प्रयोग निघण्यापूर्वी जरूर वाचावा.

इंग्लंडचं एक बारीक कलमही त्यांनी वाचलेलं बरं. तिथे 'डाएटिशियन' हे बिरुद कायद्यानं राखीव आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि सरकारी नोंदणी लागते. नुसती ह्युमन न्यूट्रिशनची एम.एस्सी. केली तर ती नोंदणी मिळत नाही. दोन अभ्यासक्रमांची माहितीपुस्तकं मात्र दिसायला जुळी असतात, मुखपृष्ठावर तेच हसणारे लोक आणि तीच ब्रोकोली. अमेरिकेत वेगळा पेच. तिथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसायला पूर्वी पदवी पुरत असे. 1 जानेवारी 2024 पासून मास्टर्स सक्तीची झाली. शिवाय देखरेखीखालच्या कामाचे किमान हजार तास. मान्यता नसलेल्या विभागातून मास्टर्स केली तर पदवी खरी, ज्ञानही खरं, फक्त तेवढ्यावर परीक्षेला बसता येत नाही. हे कलम शोधून काढणं हीच या विषयाची खरी प्रवेशपरीक्षा म्हणायला हरकत नाही. जीआरई त्यापुढे काहीच नाही. सप्टेंबर 2023 पासून ती दोन तासांच्या आत संपते आणि बऱ्याच ठिकाणी मागतही नाहीत.

पुण्यातल्या शिक्षण सल्लागारांना या भानगडी माहीत असतातच असं नाही. गुळगुळीत टेबलामागचा तरुण 'न्यूट्रिशन' ऐकून स्क्रीनवर काहीतरी शोधतो आणि विचारतो, 'डेटा सायन्सचा विचार केलाय का?' नाही म्हटल्यावर तो पब्लिक हेल्थवर येतो. फारच हट्ट धरला तर तो एक उपयोगी गोष्ट सांगतो: 'न्यूट्रिशन सायन्सेस' या नावाचा अभ्यासक्रम अमेरिकेच्या 'स्टेम', म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत आहे, त्यामुळे शिक्षणानंतर कामासाठी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, आहारचिकित्सेचा अभ्यासक्रम त्या यादीत नाही. म्हणजे रुग्णाला समोर बसवून 'काय खाता?' विचारणारी विज्ञानात मोडत नाही, आणि उंदराला विचारणारी मोडते.

देशातल्या देशात अर्ज करणाऱ्यांना हे त्रास नाहीत, दुसरे आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा दरवाजा मुलींसाठी उघडा, मुलांसाठी बंद. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये ज्या हेतूनं ते उघडलं त्याला हे धरूनच आहे, पण 'आचारी होणार का रे' ऐकून आलेल्या मुलाच्या पदरी आणखी एक नकार पडतो. बडोद्याला, दिल्लीच्या लेडी आयर्विनला, हैदराबादच्या पोषण संस्थेत जागा थोड्या आणि परीक्षा वेगवेगळ्या. हे सगळं पार करून एम.एस्सी. झालेली मुलगी बाहेर येते तेव्हा तिच्या गल्लीत एक जिम ट्रेनर आधीच 'न्यूट्रिशनिस्ट' अशी पाटी लावून बसलेला असतो. त्यानं अर्ज कुठेच केलेला नसतो. त्याला एक लाख फॉलोअर असतात आणि तिच्या आत्यानंही त्याला फॉलो केलेलं असतं. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात आहार आणि पोषणाच्या व्यवसायाचाही समावेश आहे, एवढं त्या मुलीनं आत्याला जरूर सांगावं. आत्या म्हणेल, 'अगं, पण तो भात खाऊ देतो.'

डिसेंबर हा अर्जांचा हंगाम. अमेरिकेतल्या बऱ्याच तारखा डिसेंबर-जानेवारीत येतात आणि तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ किंवा दुपार. त्यामुळे अर्जदार रात्रभर जागतो, सकाळी झोपतो, आणि मधल्या काळात त्याच्या पोटात जे जातं ते त्यानं एखाद्या रुग्णाच्या आहारनोंदीत वाचलं असतं तर लाल पेनानं रेघ मारली असती. या शास्त्रात अर्ज करून उपाशी राहण्याला तशी मोठी परंपरा आहे. 1944 च्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी अर्धउपासमारीचा प्रयोग केला. युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिलेल्या तरुणांनी त्यासाठी स्वतःहून नावं दिली, त्यांतून 36 जण निवडले. सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास जेवण दिलं. त्यातले काहीजण दिवसभर पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, काहींनी ती जमवायला सुरुवात केली. आपला अर्जदार डिसेंबरात रात्री दोन वाजता 'प्रथिनांचं चयापचय' असं शीर्षक लिहून मिसळीचे व्हिडिओ बघत असतो, तेव्हा त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी कीज यांचा 1950 मध्ये दोन खंडांत आलेला ग्रंथ आधी वाचावा.

मार्चपासून उत्तरं येऊ लागतात. 'यंदा अर्ज फारच दर्जेदार होते' अशी सुरुवात असेल तर पुढचं वाचायची गरज नसते. प्रवेश मिळाला तर वडिलांची मुदतठेव, सीएचं प्रमाणपत्र, बँकेचं कर्ज आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीसमोरची व्हिसासाठीची पहाटेची रांग. रांगेत पुढेमागे सगळे कॉम्प्युटरवाले. खिडकीतला अधिकारी दोन-तीन मिनिटांत जे विचारेल त्यात 'हाच विषय का?' असण्याची दाट शक्यता, आणि इथे आजी अजिबात चालत नाही, कारण आजीला एवढा जीव लावणारी मुलगी परत येईल असं मानावं की येणार नाही, हे त्याला ठरवता येत नाही. इथे फक्त आकडे चालतात: फी किती, पैसे कुठून, परत येऊन करणार काय. एसओपीच्या अकरा मसुद्यांनी जे शिकवलं नाही ते ही खिडकी शिकवते.

ज्यांच्या घरात, नात्यात किंवा सोसायटीत असा एखादा अर्जदार सध्या असेल, त्यांना यानिमित्तानं एक विनंती. जानेवारीपर्यंत त्याला रात्रीच्या भाताबद्दल काही विचारू नका आणि रक्ताचे रिपोर्ट आपापल्या डॉक्टरकडेच पाठवा. मॅडम असाल तर कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड आजच शोधून ठेवा. भाताचा प्रश्न पदवी मिळाल्यावर खुशाल विचारा. उत्तर 'हो, पण' असं येईल. आणि त्या वेळी तपासणीची फी द्या.